जळक्या शिंगाचा वास

दुपारी गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की माझ्या स्टुडिओच्या भिंतीपलीकडून जळक्या केसांसारखा वास यायचा. पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेला माणूस नाक मुरडून विचारायचा, "काय जळतंय हो?" मी म्हणायचो, "काही नाही, झुंबरशेठ कामाला बसलेत. हनुवटी जरा खाली घ्या."

आळेफाट्याच्या चौकात झुंबरशेठचं भांड्यांचं दुकान आणि माझा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत आहे. दुकानाच्या वर त्यांचं घर. त्यांच्या पणजोबांनी मारवाड सोडलं ते सोडलंच. शेठ आमच्यासारखंच मराठी बोलायचे, फक्त बेरीज करताना ओठांतल्या ओठांत मारवाडी पुटपुटायचे. उंच, किरकोळ अंगाचे. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. चेहऱ्यावर नाकाआधी दुसरं काही दिसायचं नाही. कांदा-लसूण खायचे नाहीत, दिवस मावळायच्या आत जेवायचे, दुकानात मुंग्यांची रांग निघाली तर तिच्यावरून पाय उचलून टाकायचे. आणि अशा माणसाच्या घरातली मागची खोली हत्यारांनी भरलेली होती.

कट्यारी होत्या, बिचवे होते, पट्टे होते. पूर्वेकडच्या डोंगरातल्या नागा लोकांचे लाकडी दांड्याचे दाव होते, दक्षिणेतल्या कोडगूकडचे रुंद कोयते होते, अरबी लोक कमरेला लावतात ते वाकडे जंबिये होते. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून केलेली, वनखात्याचा दाखला असलेली एक छोटी ढाल होती, तिला माडू म्हणतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. यातल्या एकालाही त्यांनी कधी धार लावली नाही.

सुरुवात झाली ती मोडीतून. लोक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवी घेतात, तसा कुणीतरी पोतं घेऊन आला होता. त्यातून फुटके हंडे, चेपलेल्या कळशा आणि शेवटी एक कट्यार बाहेर पडली. "वजन करा, पितळच हाय," तो म्हणाला. शेठ तेव्हा तरुण होते. त्यांनी ती उचलली, मुठीवर अंगठा घासला आणि नाकाशी नेला. पितळेच्या वासाखाली दुसरा कसला तरी वास होता. तो कशाचा, हे त्यांना कळेना. कळेना म्हणून त्यांनी ती काट्यावर टाकली नाही. पुढची पस्तीसएक वर्षं हे चाललं.

हत्याराचं नाव, राजाचं नाव, लढाईचं नाव यात त्यांना गोडी नव्हती. कुणी सांगायला लागला की ही आमच्या अमक्या सरदाराची, तर ते हात वर करायचे. "कुणाची ते राहू द्या. कशाची ते बघू." मग भिंग यायचं, स्पिरिटचा दिवा यायचा आणि शिवायची जाड सुई. आधी फडक्याने मूठ घासून गरम करायची आणि वास घ्यायचा. त्यात कळलं तर ठीक. नाही कळलं तर सुई तापवून, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी जरासा चटका द्यायचा आणि लगेच नाक खाली. शिंग असेल तर केस जळाल्याचा वास. हाड किंवा दात असेल तर दातांच्या डॉक्टरकडे मशीनने दात घासताना येतो तो वास. लाखेचा वेगळा, लाकडाचा वेगळा. पूर्वी कचकड्याच्या बाहुल्या यायच्या, त्या कचकड्याच्याही मुठी करत. त्यांना नुसतं घासलं तरी कापराचा वास येतो. "कचकडं असलं तर सुई लांब ठेवायची," ते सांगायचे. "भडकन पेटतं ते."

हस्तिदंताची वस्तू त्यांच्याकडे एकही नव्हती. कायद्याने ठेवता येत नाही, म्हणून ते घ्यायचे नाहीत. पण आपल्या घरातली वस्तू हस्तिदंती तर नाही ना, हे लोक विचारायला यायचे. खंडेनवमी जवळ आली की जुन्नर-आंबेगावच्या गावागावातून कुणी ना कुणी घरातलं पूजेचं हत्यार पंच्यात गुंडाळून जिना चढायचं. मला हाक मारली जायची, कारण चटका द्यायच्या आधी वस्तूचा फोटो काढायचा असा शेठचा नियम होता.

त्यांच्या बायकोचा, कंचनकाकींचा, वेगळा नियम होता. हत्यार स्वयंपाकघराच्या दारावरून न्यायचं नाही, मागच्या जिन्याने न्यायचं. आणि सुई लावायच्या आधी, ज्या जनावराचं ते शिंग किंवा हाड, त्याची माफी मागायची. काकी पोळ्या लाटता लाटता आतून विचारायच्या, "मिच्छामि दुक्कडम् म्हटलं का?" शेठ निमूटपणे म्हणायचे. मी एकदा गमतीने विचारलं, "काकी, मग पितळेची माफी नको का मागायला?" त्यांनी लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "पितळेला आई नसते, दत्तू."

एकदा शेठनी हैदराबादकडून एक खंजीर आणला. काळीभोर, तुकतुकीत मूठ. म्हशीच्या शिंगाची आहे, म्हणाले, आणि इतकं एकसंध शिंग मिळत नाही म्हणून अख्ख्या चौकाला दाखवली. पुढे केव्हातरी, दुसरं काही तपासताना, त्यांनी सहज तिला चटका दिला आणि वास आला उतू गेलेल्या दुधाचा. दूध फाडून निघालेल्या चोथ्यापासून पूर्वी बटणं करायचे, तसला माल. दुसरा कुणी असता तर खंजीर मागे सरकवून गप्प बसला असता. शेठ खाली उतरले आणि दुकान-दुकान फिरले. कापडवाला, खतवाला, सलूनवाला, ज्याला ज्याला दाखवलं होतं त्याला सांगितलं, "ती मूठ शिंगाची नाही. दुधाची निघाली. मी चुकीचं सांगितलं होतं." सलूनवाल्याला तर आपल्याला कधी काय दाखवलं होतं तेच आठवेना.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाकडून एक म्हातारा एकदा बांबूचं धनुष्य घेऊन आला होता. घरातली पोरं म्हणतात नको हे घरात, म्हणून द्यायला आणलेलं. शेठनी दोरी बोटात धरून हुंगली.

"हिला मेण ताजं आहे."

"लावतो मी. सवय हाय."

"मग घरी न्या, बाबा. हे अजून चालू आहे." म्हाताऱ्याला काकींनी चहा दिला, तो धनुष्य खांद्याला अडकवून गेला. शेठ मला म्हणाले, "जे संपलंय तेवढंच आपण ठेवायचं, दत्तू. चालू वस्तूला हात लावायचा नाही."

मग करोनाची दुसरी लाट आली. दोघं एकाच दिवशी तापाने पडले आणि एकाच गाडीतून मंचरला गेले. तिथे बायकांचा वॉर्ड वेगळा. शेठना ऑक्सिजन लागला नाही. काकींना लागला, पुरला नाही. शेठ दोन भिंती पलीकडे होते, त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. प्लास्टिकचे झगे घातलेल्या माणसांनी सगळं उरकलं. मुलगा अभय लांब रस्त्यावर उभा राहून बघत होता. त्या दिवसांत किती घरांत असं झालं ते मोजण्यात अर्थ नाही. मी स्टुडिओत बसून नुसते हार घालायचे फोटो मोठे करत होतो.

शेठ घरी आले. एका सकाळी सूनबाई, रूपाली, दूध गॅसवर ठेवून मागे गेली. शेठ स्वयंपाकघरातच खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला. रूपाली धावत आली तर शेठ पान उलटत होते. तिने विचारलं, "पप्पा, वास नाही आला?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. उठून काकींच्या खोलीत गेले, लोखंडी कपाट उघडलं, वरची साडी ओढून तोंडावर धरली. रूपाली दारात होती, तिने मला हे सांगितलं. ती म्हणाली, "ते श्वास घेत राहिले. घेतच राहिले. मग साडी होती तशी घडी घालून ठेवली आणि कपाट लावलं." त्याच दुपारी शेठ माझ्याकडे आले आणि फोटो चिकटवायची रुंद चिकटपट्टी मागून घेऊन गेले. कपाटाच्या दाराच्या फटी त्यांनी चारी बाजूंनी बंद केल्या.

"आत आहे ते," मला म्हणाले. "तिचं आहे ते आतच आहे. हवा लागली की उडून जाईल. नाक परत यायच्या आत उडायला नको."

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की शिरा दुखावल्यात, काहींचं परत येतं, काहींचं नाही. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असं रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा, मेंदूला सवय होईल. शेठनी ते मनापासून केलं. लवंग नाकाशी धरून डोळे मिटून बसायचे. काही येईना. मग त्यांनी ठरवलं की लवंग-गुलाब आपलं काम नाही, आपल्या नाकाला जे जन्मभर शिकवलं तेच द्यायला हवं.

सुया सुरू झाल्या.

पहिल्यांदा तुटक्या मुठी, सुटे तुकडे. ते संपले. मग भिंतीवरच्या कट्यारींवर हात गेला. मला हाक यायची, फोटोसाठी नाही. "दत्तू, काय येतंय?" मी म्हणायचो, "जळक्या केसांचा." ते मान हलवायचे, जसं काही त्यांनाही आला. "हं. शिंग." पुन्हा सुई तापवायची, पुन्हा टोचायची. ज्या मुठीवर पूर्वी मोहरीएवढी खूण शोधून सापडायची नाही, तिच्यावर देवीचे व्रण असावेत तशी भोकं पडली. माडूची दोन्ही शिंगं टोकापर्यंत काळी झाली. मिच्छामि दुक्कडम् मात्र दर वेळी म्हणायचे. आतून विचारणारं कुणी नव्हतं तरी.

अभय वैतागला. "पप्पा, जन्मभर जमवलेलं जाळताय तुम्ही."

"जमवलं कुणी?"

"तुम्हीच."

"मग?"

एक दिवस ते जिन्यावरून जवळजवळ पळतच माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी होतं. "आला. वास आला." मी कॅमेरा टाकून उठलो. त्यांच्या मुठीत लवंगा होत्या. "कसा आला?" मी विचारलं. ते थांबले. "कुजक्या कांद्यासारखा." मला वाटलं सुरुवात अशीच होत असेल. मी लिंबू कापून दिलं. ते हुंगले, चेहरा वाकडा झाला. "हाही तसाच." साबण दिला. तसाच. माझ्या टेबलावरची अगरबत्ती तशीच, चहा तसाच. सगळ्या जगाला त्यांच्या लेखी एकच वास उरला होता आणि तो नासलेला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, असं होतं मधे, चांगलं लक्षण असू शकतं. शेठ स्टुलावर बसले. म्हणाले, "बरं झालं कपाट उघडलं नाही. तिचाही असाच आला असता." काही आठवड्यांनी तोही वास गेला आणि पुन्हा काहीच उरलं नाही.

बाहेरच्या कुणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. दुधाची मूठ अख्ख्या चौकाला सांगणारा माणूस नाकाबद्दल गप्प होता. लोक येत राहिले, ते तपासत राहिले. भिंगाने आणि अंदाजाने.

त्या साली नवरात्राच्या आधी निमगाव सावावरून सुंदराबाई आल्या. ऐंशीला टेकलेल्या, वाळक्या, नऊवारी नेसलेल्या. बरोबर मुलगा विलास. त्याने पिशवीतून एक लांब, सरळ पात्याची सुरी काढली. पांढरी मूठ, जराशी पिवळट. सुंदराबाईंचे वडील पलटणीत होते, ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले. सुंदराबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. गावातला दुसरा एक शिपाई परत आला, त्याने ही सुरी आणून दिली. बाकी काही आलं नाही. फोटोसुद्धा नव्हता. सुंदराबाई ती सुरी देवघरात ठेवून दर खंडेनवमीला पुजत होत्या.

"यात्रेला एक पावणं आलं व्हतं," विलास म्हणाला. "त्यांनी सांगितलं, ह्यो हत्तीचा दात हाय, फॉरेस्टवाल्यांना कळलं तर आत टाकतील. तवापासनं मला झोप न्हाई. मी म्हणलं कॅनॉलात टाकू, तर आई ऐकंना. तुमी सांगा शेठ. दात असंल तर मी ऑफिसात नेऊन देतो. नसंल तर घरी ऱ्हाऊ द्या."

सुंदराबाईंचं लक्ष सुरीवर होतं.

मी फोटो काढले. शेठनी भिंग लावलं. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला रेघा एकमेकींना छेदून जातात, जाळीसारख्या. या मुठीच्या टोकाला पितळेची टोपी बसवलेली होती, त्यामुळे टोक दिसत नव्हतं. अंगावर नुसत्या बारीक, सरळ रेघा. शेठ बराच वेळ बघत राहिले. मग फडकं घेतलं, मूठ घासली आणि नाकाशी नेली. मी समोर उभा होतो. पाहुण्यांसमोर ते मला विचारणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि माझ्यापर्यंत काही वास पोचलाही नव्हता. त्यांनी अगदी पूर्वीसारखा डोळे मिटून श्वास घेतला. मान हलवली. सुई दिव्यात धरली.

सुईचं टोक टेकलं आणि मूठ पेटली. भडकन, पिवळी ज्वाळ हातभर वर गेली. खोलीत आरतीसारखा कापराचा वास भरला. कचकडं होतं ते. मी ओरडलो, "सोडा, शेठ, सोडा," विलासने त्यांचा हात झटकायचा प्रयत्न केला, पण शेठनी ती सोडली नाही. दुसऱ्या हाताने ते मूठ विझवायला बघत होते, तळहाताने दाबत होते. मी पोतं आणून टाकलं तोवर खेळ संपला होता. पातं राहिलं, पात्याचा काळा दांडा राहिला, पितळेची टोपी घरंगळत दारापाशी गेली. शेठच्या उजव्या हाताची कातडी होरपळून निघाली होती. ते हाताकडे बघतच नव्हते.

"दात नव्हता," ते म्हणाले. "हस्तिदंत नव्हता. कचकडं होतं. तुम्ही घरी ठेवू शकत होता."

विलास पात्यापाशी उकिडवा बसला. "आमी भरवशानं आलो व्हतो, शेठ. लई नाव ऐकून आलो व्हतो."

सुंदराबाई खाली वाकल्या. फरशीवरची काळी पूड बोटांनी गोळा करून पदरात घेऊ लागल्या. गोळा होण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या म्हणाल्या, रागाने नाही, नुसतं सांगितलं, "त्यांचा हात लागल्याली तेवढीच जागा व्हती."

शेठ जिना उतरून दवाखान्यापर्यंत माझ्याबरोबर आले. वाटेत एकदाही विव्हळले नाहीत.

हात बांधलेला असतानाच त्यांनी मला निमगाव सावाला घेऊन चल म्हणून तगादा लावला. मी त्या सुरीचा, मूठ शाबूत असतानाचा फोटो मोठा करून फ्रेम केला होता. शेठनी त्यांच्याकडची उरलेली एकच न डागाळलेली म्हशीच्या शिंगाची मूठ फडक्यात बांधून घेतली. मोटारसायकलवर माझ्यामागे ते एका हाताने धरून बसले.

सुंदराबाईंनी ओटीवर घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. मी फोटो पुढे केला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवून पाहिला, काचेवरून बोट फिरवलं. "ब्येस हाय. पण ह्यात हात कुटं लावायचा?" शेठनी मूठ काढली. म्हणाले, ही पात्याला बसवून देतो. त्यांनी मान हलवली. "दुसऱ्या कुणाची मूठ घिऊन मी काय करू, शेठ?"

मग शेठनी सांगितलं. ओटीवर बसून, बांधलेला हात मांडीवर ठेवून, सगळं सांगितलं. नाक गेलंय. फडकं घासून हुंगलं तेव्हा काहीच आलं नव्हतं, तरी आल्यासारखं केलं. कापूर आला असता तर सुई लावलीच नसती. "नाक असतं तर तुमची मूठ आज घरात असती. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, कपाटाचंही सांगितलं.

सुंदराबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "सूनबाईनं हुंगून सांगितलं तर?"

"उघडलं की उडून जाईल."

"आन न उघडता ऱ्हातंय व्हय?"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. सुंदराबाई उठल्या, पाण्याचा तांब्या आत ठेवून आल्या. "बाजाराच्या दिशी यीन मी," त्या म्हणाल्या. "तुमची मर्जी असंल तर मी हुंगते. माझं नाक चांगलं हाय."

त्या आल्या. विलास खाली दुकानातच थांबला, वर आला नाही. रूपालीने मला वर बोलावलं होतं, तिला एकटीला भीती वाटत होती. शेठनी डाव्या हाताने चिकटपट्टी ओढून काढली. दार उघडलं. सुंदराबाई पुढे झाल्या आणि एकेक साडी घडी न मोडता उचलून नाकाशी नेऊ लागल्या.

"धुतल्याली हाय." पुढची. "ही बी धुतल्याली. साबणाचा येतोय." पुढची. "हिला नव्या कापडाचा. नेसल्याच न्हाईत ही." शेठ प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जसे गिऱ्हाईक काट्याकडे बघतात. साड्यांचा ढीग पलंगावर वाढत गेला. वरचे कप्पे रिकामे झाले. शेठचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अगदी खालच्या कप्प्यात, मागे, बोळा करून कोंबलेला परकर आणि पोलकं होतं. दवाखान्यात जायच्या दिवशी काकींनी अंगावरचं उतरवून घाईत तिथे सारलं असावं. सुंदराबाईंनी पोलकं उलगडलं, बाही उलटी केली, काखेपाशी नाक नेलं. थांबल्या. पुन्हा नेलं.

"ह्यात हाय," त्या म्हणाल्या.

शेठनी ते त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. तोंडावर धरलं. छाती वर-खाली होत राहिली. बाही नाकात कोंबल्यासारखी धरली, मग उघड्या तोंडाने श्वास घेतला, मग पुन्हा नाकाने. रूपालीने तोंडावर पदर घेतला. शेठनी पोलकं खाली केलं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"घामाचा."

"कसा घामाचा?"

सुंदराबाईंनी विचार केला. "बाईमाणसाचा. जरासा आंबूस. कणकेचा हात पुसल्यावानी."

"आणखी?"

"आणखी मला न्हाई सांगता येत, शेठ."

"पुन्हा बघा. नीट बघा."

त्यांनी पुन्हा हुंगलं. "तसाच हाय."

"लोणच्याचा येतो का? हिंगाचा?"

"न्हाई वो."

"पुन्हा बघा."

त्या पोलक्याकडे वाकल्या आणि शेठनी एकदम हात मधे घातला. "नको. राहू द्या. तुम्हीच संपवून टाकाल." सुंदराबाई मागे सरल्या. त्यांना राग आला नाही. त्यांनी शेठच्या भाजलेल्या हातावर आपला हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

काकींच्या अंगाला कसला वास यायचा, ते मलाही सांगता येणार नाही. शेजारणीच्या अंगाचा वास कुणी लक्षात ठेवत नाही. रूपालीला विचारलं तर ती रडायची. शेठनी पोलकं परत होतं तिथे ठेवलं, साड्या वर रचल्या आणि फटी पुन्हा बंद केल्या. त्यानंतर त्यांनी सुईला हात लावला नाही. लोक हत्यारं घेऊन आले की ते खालूनच सांगायचे, "मला कळत नाही आता. कुणालाही विचारा, मला विचारू नका."

पुढच्या उन्हाळ्यात अभयने चाकणला नवं दुकान टाकलं आणि बिऱ्हाड हलवायचं ठरलं. हत्यारं आधीच गेली. पुण्याचा कुणी एक शौकीन येऊन बघून गेला, मुठींवरची भोकं बघून हळहळला, आणि मग पाती तेवढी गोणपाटात बांधून गाडीत घातली. शेठ त्या वेळी माझ्या स्टुडिओत बसून होते. बाहेर गाडी भरत असताना त्यांनी माझ्याकडे मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे का, असं काहीतरी विचारलं.

घरचं सामान न्यायला टेम्पो आला त्या सकाळी अभयने कपाट आडवं घालायला सांगितलं. शेठ म्हणाले, उभंच न्यायचं. हमाल म्हणाले, "पेठेच्या घाटात पडंल, शेठ." ते म्हणाले, "मी धरतो." अभयने गाडीत पुढे बसायला सांगितलं, रूपालीने सांगितलं, मीही सांगितलं. ते ऐकेनात. मागच्या फाळक्यावर पाय ठेवून चढले. गाद्या, पिंप, दोरीने बांधलेल्या खुर्च्या यांच्या मधोमध ते कपाट उभं होतं. उन्हाने चिकटपट्टी एका बाजूने सुटून फडफडत होती.

टेम्पो चौकातून नाशिक-पुणे रस्त्याला वळला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गतिरोधकावर गाडी उसळली, कपाटाचं दार बोटभर उघडलं. शेठ पाठ फिरवून संपूर्ण अंगाने त्या दारावर रेलले, उजवा वाकडा झालेला हात त्यांनी फटीवर दाबून धरला, गाल पत्र्याला टेकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच होते.